‘बाय’नंतरची मोकळी जागा

आठवीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘बाय’ या शब्दाला अर्धा मार्क होता. ‘चेंज द व्हॉइस’ असा प्रश्न यायचा. वाक्य फिरवलं, क्रियापदाचं तिसरं रूप बरोबर आलं, आणि शेवटचा ‘बाय’ तेवढा राहिला, तर सर अर्धा मार्क कापायचे. आमची शाळा वाई तालुक्यातली, मराठी माध्यमाची. इंग्रजी पाचवीपासून. पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेल्या मुलांना तीन वर्षांत पॅसिव्ह व्हॉइस समजावायचा, म्हणून सरांनी फळ्यावर कृतीच लिहून दिली होती: कर्म उचलून पुढे आणा, काळ बघून ‘टु बी’चं रूप घाला, क्रियापदाचं तिसरं रूप लिहा, मग ‘बाय’, मग कर्ता. ‘राम किल्ड अ स्नेक.’ ‘अ स्नेक वॉज किल्ड बाय राम.’ वह्याच्या वह्या आम्ही या सापाने भरल्या.

एकच सूट होती. ‘समवन हॅज स्टोलन माय पर्स’ अशा वाक्यात ‘बाय समवन’ लिहू नका, कारण त्यातून नवीन काही कळत नाही, असं सर सांगायचे. बाकी सगळीकडे कर्ता हवाच. ‘पहिल्या बाकावरून उठवलंत ना त्याला, मग शेवटच्या बाकावर तरी जागा द्या,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या वयात ते मला फक्त मार्क वाचवायची युक्ती वाटायचं.

पुढे इंग्रजी घेऊन बी. ए. केलं तेव्हा कळलं, की खरं इंग्रजी आमच्या फळ्यासारखं चालत नाही. इंग्रजीतल्या लिखाणात जिथे जिथे पॅसिव्ह येतो, तिथे पाचातल्या साधारण चार वाक्यांत ‘बाय’ आणि त्याच्यामागचा कर्ता येतच नाही. म्हणजे शाळेत आम्ही घोटलं ते पाचातलं एक वाक्य. उरलेल्या चारांची ओळख आम्हाला कुणी करून दिली नव्हती. कर्त्याला शेवटच्या बाकावर बसवण्यासाठी इंग्रजी पॅसिव्ह फार कमी वेळा वापरते. बहुतेक वेळा ती त्याला वर्गाबाहेर पाठवते, आणि वाक्याला काही कमी पडल्यासारखं वाटतही नाही. ‘द ट्रेन हॅज बीन कॅन्सल्ड.’ झालं. पूर्णविराम.

यात गैर काही नाही. गाडी कुणी रद्द केली याच्याशी फलाटावरच्या माणसाला कर्तव्य नसतं. त्याला पुढची गाडी किती वाजता ते हवं असतं. कर्ता ठाऊक नसेल, किंवा सगळ्यांनाच ठाऊक असेल, किंवा त्याच्यावाचून अडत नसेल, तेव्हा पॅसिव्ह हे चांगलं, प्रामाणिक वाक्य आहे. ‘आय वॉज बॉर्न इन वाई’ हेही मुळात पॅसिव्हच. मराठीत मी आपली आपण ‘जन्मले’. इंग्रजीत मला कुणीतरी जन्म दिलेला असतो. त्या वाक्यामागे एक कर्ता आहे, तो कुणी कधी लिहीत नाही, आणि तो कोण हे विचारावंही लागत नाही. आई.

मला ज्या वाक्यांबद्दल लिहायचं आहे ती वेगळी आहेत. ती मीच लिहिली होती.

बी. ए.नंतर मी कामगार कायद्याची पदविका केली आणि पुण्यात नोकरीला लागले. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून देणारा एक कारखाना होता, तिथल्या पर्सोनेल विभागात. २००८च्या पावसाळ्यात, सेकंड शिफ्टला, पॉवर प्रेसवर एका मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. आमच्या भागात असंच म्हणतात, ‘बोटं गेली’. पोरगा बीडकडचा, कंत्राटी, कामाला लागून चार महिने झालेले.

प्रेस म्हणजे काय ते न पाहिलेल्यांसाठी सांगते. खाली साचा, त्यालाच डाय म्हणतात. त्यावर पत्रा ठेवायचा. वरून रॅम येतो आणि पत्र्याला आकार देऊन वर जातो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. म्हणून ऑपरेटरच्या पुढ्यात दोन बटणं दूर दूर बसवलेली असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच रॅम खाली येतो, म्हणजे त्या क्षणी दोन्ही हात साच्याबाहेर असणार याची खात्री. शिवाय समोर जाळीचा गार्ड. पण बटणांची वायर काढून पायाचा स्विच जोडला की हात मोकळे राहतात. एका हाताने तयार नग काढायचा, दुसऱ्याने नवा पत्रा सरकवायचा, पाय दाबत राहायचा. गार्डही मग अडचणीचा होतो. तो काढला की तासाला निघणारे नग वाढतात.

माझं इंग्रजी बरं, म्हणून असे कागद माझ्याकडे यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अपघाताचा अहवाल लिहिला. तो मला आजही तोंडपाठ आहे. ‘द फ्रंट गार्ड हॅड बीन रिमूव्ह्ड. द टू-हँड कंट्रोल हॅड बीन डिसकनेक्टेड अँड अ फूट स्विच वॉज बीइंग यूज्ड. व्हाइल द कॉम्पोनंट वॉज बीइंग प्लेस्ड, द प्रेस वॉज अ‍ॅक्च्युएटेड. टू फिंगर्स ऑफ द राइट हँड वेअर क्रश्ड. फर्स्ट एड वॉज गिव्हन अँड द ऑपरेटर वॉज शिफ्टेड टु हॉस्पिटल.’

आठ क्रियापदं, आठही पॅसिव्ह. एकही ‘बाय’ नाही. आठवीत असते तर सरांनी चार मार्क कापले असते. इथे मात्र अहवाल चांगला झाला म्हणून माझं कौतुक झालं.

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मला नीट सांगायला हवं. गार्ड काढलेला होताच. प्रेस चालवला गेलाच होता. खोटं बोलायला माणूस कचरतो. इथे कचरण्यासारखं काही हाताला लागतच नव्हतं. गार्ड शिफ्ट सुपरवायझरच्या सांगण्यावरून मेंटेनन्सच्या फिटरने काढला होता. सुपरवायझरला वरून सांगितलं गेलं होतं, की महिनाअखेरीची डिस्पॅच चुकता कामा नये. हे शॉपवरच्या चहावाल्यालाही माहीत होतं. आणि तीन आठवड्यांपूर्वी राउंडला गेले असताना तो गार्ड भिंतीला टेकवून ठेवलेला मी पाहिला होता. मी काही बोलले नव्हते. एवढी सगळी माणसं त्या अहवालातून एकाच वेळी बाहेर गेली, आणि व्याकरणाची एकही चूक झाली नाही.

आमच्या मॅनेजरांनी अहवालात एकच दुरुस्ती केली. ‘फूट स्विच वॉज बीइंग यूज्ड’ यातला ‘बीइंग’ त्यांनी लाल शाईने काढला. ‘वॉज यूज्ड’ कर, म्हणाले. मला तेव्हा वाटलं, वाक्य आटोपशीर करताहेत. फरक नंतर ध्यानात आला. ‘बीइंग’ असला की वापर चालू होता असं होतं, कालही, परवाही. तो काढला की स्विच त्या रात्री एकदाच वापरल्यासारखा वाटतो. त्या एवढ्याशा शब्दात तीन आठवडे होते. इंग्रजी माझं बरं होतं, पण त्यातला कुठला शब्द किती वजनाचा आहे हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं.

या ‘इज बीइंग’, ‘वॉज बीइंग’ची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आम्ही ते तक्त्यात पाठ केलं, जणू इंग्रजीत ते पहिल्या दिवसापासून आहे. खरं तर अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रज लोक ‘द हाउस इज बिल्डिंग’ असंच म्हणायचे, घर बांधलं जातंय या अर्थी. ‘इज बीइंग बिल्ट’ हळूहळू रुळू लागलं तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणकारांनी त्यावर चांगलंच तोंडसुख घेतलं. ही रचना बोजड आहे, भाषा बिघडवते आहे, असं त्यांचं म्हणणं. लोकांना मात्र ती हवी होती, कारण दुसऱ्या कुणाकडून चालू असलेलं काम नेमकं सांगायची सोय तिच्यात होती. इतक्या वादातून टिकून राहिलेला तो ‘बीइंग’ भोसरीतल्या एका केबिनमध्ये लाल शाईने खोडला गेला.

आठवडाभराने त्या मुलाची आई आली. बरोबर मुलाचा मामा. ईएसआयसाठी, म्हणजे कामगार विम्यासाठी, कागद हवे होते. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाचा हिशेब दिलेला आहे. एका हाताची दोन बोटं गेली, तर कमाईची ताकद २० टक्क्यांनी कमी झाली असं धरतात. मी तो हिशेब त्यांना समजावून सांगितला. मग त्या बाईंनी अहवालाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, ‘ताई, ह्यात काय लिव्हलंय ते वाचा की मराठीतून.’

मी वाचायला सुरुवात केली. ‘समोरचा गार्ड काढण्यात आला होता.’

‘कुनी काढला?’

‘काढलेला होता,’ मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य घेतलं. ‘पायाचा स्विच वापरण्यात आला.’

‘त्याला कुनी सांगितलं, वापर म्हनून?’

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. शाळेत हजेरी घेताना एखाद्या नावाला उत्तर आलं नाही की बाई जसं ते नाव पुन्हा घेतात, तसं त्या विचारत होत्या. जिथे जिथे मी ‘बाय’ गाळला होता, बरोबर तिथे तिथे त्या थांबत होत्या. ‘प्रेस चालू करण्यात आला’ याच्यापाशी त्या काहीच बोलल्या नाहीत. तो त्यांच्याच मुलाचा पाय होता, हे त्यांना कळलं होतं. नंतर मामा म्हणाला, ‘जाऊ दे आक्का, इंग्रजीत असंच लिवत्यात.’ आणि ते निघून गेले.

इंग्रजीत असंच लिहितात का, आणि मराठीत का लिहिता येत नाही, हे मला त्या दिवसापासून सुटलेलं नाही.

आम्हाला शाळेत असंही शिकवलं होतं, की इंग्रजीतला पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे मराठीतला कर्मणी प्रयोग. परीक्षेपुरतं ते चालून जातं, पण ते खरं नाही. ‘फिटरने गार्ड काढला’, ‘फिटरने जाळी काढली’. क्रियापद गार्डच्या आणि जाळीच्या लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणून हा कर्मणी. पण फिटर कुठे गेला? कुठेच नाही. वाक्याच्या तोंडाशी ‘ने’ लावून उभा आहे. मराठी क्रियापदाला कर्माशी जुळवून घेते आणि कर्त्याला जागचा हलवत नाही. आपण दिवसभर जे बोलतो, ‘मी जेवण केलं’, ‘आईने साडी घेतली’, ते सगळं कर्मणी, आणि त्यात कुणी लपत नाही. उलट कर्ता गाळून नुसतं ‘गार्ड काढला होता’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की कुणाबद्दल बोलणं चाललंय हे त्याला आधीच माहीत असायला हवं. नसेल तर तो विचारतो, कुणी? बीडच्या त्या आईंनी विचारलं ते व्याकरणालाच धरून होतं. इंग्रजी वाक्य तिथे भरलेलं असतं, मराठी वाक्यात ती जागा रिकामी दिसते.

मराठीला खरा पॅसिव्ह कधी नव्हताच असं मात्र नाही. ज्ञानेश्वरीच्या मराठीत ‘कीजे’, ‘बोलिजे’ अशी रूपं सर्रास आहेत. केलं जातं, बोललं जातं. पुढे ती मागे पडली. आपल्या तोंडात त्यातले दोन शब्द तेवढे उरले, आणि ते आपण इतक्यांदा वापरतो की त्यांचं मूळ कुणाच्या ध्यानातही येत नाही. एक ‘पाहिजे’, दुसरा ‘म्हणजे’. ‘म्हणिजे’ म्हणजे म्हटलं जातं. ‘पाहिजे’ म्हणजे पाहिलं जातं, वाट पाहिली जाते, आणि तिथून मग हवं असतं. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा फार आनंद झाला होता. ‘मला न्याय पाहिजे’ या वाक्यात ‘पाहणारी’ मी आहे आणि तरी क्रियापद न्यायाचं आहे.

आणि मग आलं कचेरीचं मराठी. ‘कळविण्यात येते की’, ‘कारवाई करण्यात येईल’, ‘दखल घेण्यात आली आहे’. या ‘ण्यात येणे’ला घरात कुणी विचारत नाही. ‘आज वरण करण्यात आलं आहे’ असं कुठली आई म्हणते? पण सरकारी कागदावर त्याच्यावाचून पान हलत नाही. मी त्या आईंना वाचून दाखवताना आपोआप याच भाषेत गेले. मला लपायचं होतं आणि मराठीत लपायला हीच एक तयार जागा होती.

पण एवढ्यावर थांबले तर मराठीची उगाच तरफदारी केल्यासारखं होईल. कर्ता नाहीसा करायचा आपला स्वतःचा मार्ग आहे, आणि तो इंग्रजीच्या पॅसिव्हपेक्षा सफाईदार आहे. आपल्याकडे क्रियापदांच्या जोड्या आहेत: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, जळणे-जाळणे. ‘काच फोडली’ म्हटलं की फोडणारा हवा. ‘काच फुटली’ म्हटलं की कुणीच नको. काच आपली आपण फुटते. मधली एक पायरीही आहे, ‘माझ्याकडून काच फुटली’. त्यात मी आहे, पण माझा हेतू नाही. कबुलीही आहे आणि क्षमाही. इंग्रजी ‘बाय मी’मध्ये ही छटा येत नाही. मराठीतल्या सगळ्या रचनांत मला ही फार माणुसकीची वाटते, आणि फार सोयीचीही.

या अंगाने पाहिलं तर ‘बोटं गेली’ हे माझ्या अहवालाहून भयंकर वाक्य आहे. ‘वेअर क्रश्ड’मध्ये निदान चिरडणारं काहीतरी आहे; ‘बाय व्हॉट, बाय हूम’ असं विचारायला वाव आहे. पॅसिव्ह कर्त्याला बाहेर काढतो, पण त्याची खुर्ची जागेवर ठेवतो. ‘गेली’मध्ये खुर्चीही नाही. बोटं उठली आणि गेली. आख्ख्या भोसरीत हे वाक्य रोज बोललं जायचं आणि ते कुणाच्या कानाला खटकत नव्हतं. माझ्याही नाही.

इंग्रजीत या ‘गेली’चा भाऊ म्हणजे ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट ऑकर्ड’. हे वाक्य पॅसिव्ह नाही, ऑफिसातल्या संगणकाने मला हे शिकवलं. वर्डमध्ये तेव्हा व्याकरणाच्या शंकेला खाली हिरवी नागमोडी रेघ यायची. माझ्या ‘वॉज रिमूव्ह्ड’खाली ती हमखास यायची, पॅसिव्ह टाळा म्हणून. मी ते खोडून ‘द गार्ड वॉज नॉट इन प्लेस’ लिहिलं की रेघ नाहीशी. ‘लॉस ऑफ टू फिंगर्स टुक प्लेस’, रेघ नाही. म्हणजे पॅसिव्ह पुसत गेले तसा कर्ता आणखीच लांब गेला. आधी काढणारा लपला होता, आता काढणंच उरलं नाही. गार्ड जणू स्वतःहून जागेवर नव्हता.

इंग्रज लेखक जॉर्ज ऑरवेल यांनी १९४६ सालच्या एका निबंधात इंग्रजी लिहिणाऱ्यांना जे नियम घालून दिले त्यातला एक असा, की अ‍ॅक्टिव्ह वापरता येत असेल तिथे पॅसिव्ह कधीच वापरू नका. इंग्रजी लेखनाच्या वर्गांमधून तो अजून मंत्रासारखा सांगतात. गंमत म्हणून नव्हे, अभ्यास म्हणून तो निबंध पुन्हा वाचला, तर पहिल्याच वाक्यात ‘इट इज जनरली अझ्यूम्ड’ असं आहे. पॅसिव्ह, आणि ‘बाय’शिवाय. मला त्यात त्यांची चूक दिसत नाही. तिथे कर्ता ‘लोक’ आहे, तो न लिहिणंच बरोबर. चूक नियमात आहे. त्याने वाक्याच्या आकाराकडे बघायला सांगितलं, आणि लपवणाऱ्या माणसाला आकार बदलायला काहीच कष्ट पडत नाहीत. अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट यांनी डिसेंबर १८७६मध्ये काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ‘मिस्टेक्स हॅव बीन मेड’ असं लिहिलं. या वाक्याची पुढारी मंडळींनी नंतर इतकी उचल केली की ते जबाबदारी टाळण्याचं उदाहरण होऊन बसलं. पण ग्रँट यांनी तिथेच पुढे जोडलं होतं: सगळ्यांना दिसतंय, आणि मी मान्य करतो. मग लगेच बऱ्याचशा चुका मदतनीस निवडण्यात झाल्या असंही म्हटलं. तरी तो ‘मी’ कागदावर आहे.

पॅसिव्हकडे मी रागाने बघू लागले होते तेव्हा मला कायद्याने थोपवलं. नोकरीमुळे फॅक्टरीज अ‍ॅक्ट, १९४८ हा २०२५पर्यंत लागू असलेला कायदा रोजच्या हाताखालचा. त्याचं कलम २१ यंत्रांना कुंपण घालण्याबद्दल होतं. धोकादायक भाग ‘शॅल बी सिक्युअर्ली फेन्स्ड’, भक्कम गार्डने बंदिस्त केलेले असावेत, आणि यंत्र चालू असेतो ते गार्ड ‘कॉन्स्टंटली मेंटेन्ड अँड केप्ट इन पोझिशन’ असावेत. सगळं पॅसिव्ह. कुणी कुंपण घालायचं, कुणी जागेवर ठेवायचं, लिहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, कायदाही आमच्यासारखाच. पण मग कलम ९२ होतं. कायद्यातल्या कुठल्याही तरतुदीचा भंग झाला तर ‘द ऑक्युपायर अँड मॅनेजर ऑफ द फॅक्टरी शॅल ईच बी गिल्टी’. कारखान्याचा ताबा ज्याच्याकडे तो ऑक्युपायर. म्हणजे कायद्याने ‘बाय’ गाळला नव्हता; सगळ्या कलमांचे ‘बाय’ गोळा करून एका जागी ठेवले होते, आणि तिथे दोन माणसांना प्रत्येकी उभं केलं होतं. फिटरने काढला की सुपरवायझरने सांगितला, या वादात कायदा पडतच नव्हता. पॅसिव्ह इतका जबाबदारीने वापरलेला मी दुसरीकडे क्वचितच पाहिला.

आणि संविधान. त्याच्या इंग्रजी पाठात कुठे कर्ता आहे आणि कुठे नाही हे मी एकदा पेन्सिल घेऊन बघत बसले होते. उद्देशिका ‘वी, द पीपल ऑफ इंडिया’पासून सुरू होते आणि आपण स्वतः हे संविधान स्वतःला देतो, त्याहून अ‍ॅक्टिव्ह वाक्य सापडायचं नाही. कलम १४मध्ये कर्ता राज्य आहे: राज्य कुणालाही समानता नाकारणार नाही. कलम २१मध्ये तो नाही: ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ड’ जीविताला आणि व्यक्तिस्वातंत्र्याला. आणि कलम १७ तर, ‘अनटचेबिलिटी इज अबॉलिश्ड’. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. आपलं तेच ‘ण्यात आली’. पण इथे कुणी केली हे विचारावंसं वाटत नाही. कर्ता लिहिला असता तर ते कुणाचे तरी उपकार झाले असते. कुणा उदार मनाच्या सभेने, सरकारने ती काढून टाकली असं झालं असतं. कर्ता नसल्यामुळे ते वाक्य कुणाच्या मेहेरबानीवर उभं नाही. आणि पुढच्याच शब्दांत तिचं कोणत्याही स्वरूपातलं आचरण निषिद्ध केलं आहे, तिथेही कर्ता नाही, म्हणून कुणीही आचरण केलं तरी ते निषिद्धच. एका जागी कर्त्याचं नसणं माणसाला वाचवतं, दुसऱ्या जागी तेच नसणं माणसाचा हक्क वाढवतं. रूप एकच.

पुढे दुसऱ्या कारखान्यात असताना सुरक्षेचे एक सल्लागार आले होते. त्यांनी सांगितलं, अहवालात माणसांची नावं नकोत. नावं आली की लोक बोलायचे बंद होतात, आणि लोक बोलले नाहीत तर पुढचा अपघात टळत नाही. विमान अपघातांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हाच आहे, दोष कुणाचा हे ठरवणं नाही. मला हे पटलं, आणि अर्धंच पटलं. फिटरचं नाव लिहिलं की कारखाना फिटरला काढून मोकळा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण नाव आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘शिफ्ट सुपरवायझरने गार्ड काढायला सांगितलं, कारण डिस्पॅचचं टार्गेट बदललं तेव्हा प्लॅनिंगने मशीनची क्षमता विचारात घेतली नव्हती’, या वाक्यात कुणाचंही नाव नाही आणि कुणीही लपलेलं नाही. मी तेव्हापासून असंच लिहीत आले. पॅसिव्ह लिहायचा तर लिहायचा, पण आधी समासात पेन्सिलीने ‘बाय’ लिहून त्याच्यापुढे कोण ते भरायचं. मग तो पक्क्या प्रतीत येऊ द्यायचा की नाही हे ठरवायचं. हाताखालच्या मुलामुलींना मी हेच शिकवलं. एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, माहीत नसेल तर?’ तर शॉपवर जाऊन विचारून ये, मी म्हटलं.

गेल्या वर्षी नोकरी सोडली. घरातली कपाटं आवरताना २००८च्या त्या अहवालाची झेरॉक्स मिळाली. ‘बीइंग’वरची लाल रेघ झेरॉक्समध्ये काळी झाली आहे. मी पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या वाक्यापुढे ‘बाय’ लिहिलं, फिटर, सुपरवायझर. दुसऱ्यापुढे तेच, आणि ‘बीइंग’ परत घातला. ‘व्हाइल द कॉम्पोनंट वॉज बीइंग प्लेस्ड’, बाय त्या मुलाकडून, एकोणीस वर्षांच्या. ‘वेअर क्रश्ड’पाशी पुष्कळ वेळ थांबले आणि तिथे काही लिहिलं नाही.

पानाच्या तळाशी तीन चौकटी होत्या, छापील. अहवालातले सगळे ‘बाय’ तिथे होते. ‘अप्रूव्ह्ड बाय’, त्यापुढे न लागणारी सही. ‘चेक्ड बाय’, नुसती आद्याक्षरं. आणि ‘प्रिपेअर्ड बाय’, त्यापुढे सरांनी घोटून घेतलेल्या वळणदार अक्षरात माझं पूर्ण नाव.